सोबत नेता येणारी बालसुरक्षा साधनं घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लहान मूल असेल तर लागणाऱ्या कड्या, गेट, कठडे, झाकण्या, अलार्म अशा उचलून नेता येण्याजोग्या वस्तू डिझाइन करणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं. विद्यार्थी आणि छोटे उत्पादक यांच्यासाठी ती लिहिली आहेत, पण अशा वस्तू विकत घेणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडतील.

‘सोबत नेता येणारं’ साधन कशाला म्हणायचं?

भिंतीला भोक न पाडता बसवता येतं, अवजारांशिवाय काढता येतं आणि पिशवीत घालून दुसऱ्या घरी नेता येतं, ते. भाड्याच्या घरात राहणारे, सुट्टीत आजी-आजोबांकडे जाणारे, हॉटेलात उतरणारे, पाळणाघर चालवणारे अशा सगळ्यांना ते लागतं. कपाटाची चिकटणारी कडी, दाबाने बसणारं गेट, घडीचा पलंग-कठडा, बाळाची घडीची खाट, दार अडवणारा फोमचा तुकडा, खिडकी मर्यादेपलीकडे उघडू न देणारा अटकाव, दाराला अडकवायचा अलार्म ही नेहमीची उदाहरणं.

स्क्रूने पक्कं बसवलेल्या साधनापेक्षा हे डिझाइन करणं सोपं असतं का?

जास्त अवघड असतं. स्क्रूने बसवलेलं गेट एकदा नीट बसवलं की वर्षभर तसंच राहतं. उचलून नेण्याजोगं गेट मात्र दर वेळी नव्याने बसवावं लागतं, तेही अनोळखी खोलीत, अनोळखी चौकटीत, आणि बहुतेकदा प्रवासाने थकलेल्या माणसाकडून. मूल कडेवर, एक हात अडकलेला, सूचनापत्रक आधीच्या घरी राहिलेलं. जितक्या वेळा बसवणं, तितक्या वेळा चूक होण्याची शक्यता.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: पहिल्या बसवणीसाठी डिझाइन करू नका, पंधराव्या बसवणीसाठी करा. पहिल्या वेळी माणूस पत्रक वाचतो, चौकट पुसून घेतो, ओढून बघतो. पंधराव्या वेळी तो सवयीने बसवतो आणि चालू लागतो. त्या वेळी साधनाने स्वतःच सांगायला हवं की मी बसलोय की नाही. अर्धवट बसलेली कडी दिसायला पूर्ण बसलेल्या कडीसारखीच असेल, तर ती नसलेली बरी. कडी नसेल तर माणूस निदान सावध तरी राहतो.

मग ‘बसलं की नाही’ हे साधनाने सांगायचं कसं?

दिसावं, ऐकू यावं आणि हाताला जाणवावं. तीनपैकी किमान दोन तरी हवेत. रंगाची खिडकी हा सगळ्यात सोपा उपाय: खटका पूर्ण बसला की लाल पट्टी झाकली जाते. पण लाल-हिरवा भेद काहींना दिसत नाही, म्हणून रंगाबरोबर आकारही बदलू द्या. पट्टी दिसते की नाहीशी होते, दांडा आडवा की उभा, असा फरक अंधुक उजेडातही कळतो.

खटक्याचा ‘टक्’ आवाज हा आणखी विचारपूर्वक करायचा भाग आहे. पुष्कळ कड्यांमध्ये स्प्रिंगची जीभ खाचेच्या कडेवरून घसरतानाच आवाज येतो, म्हणजे जीभ खाचेत पूर्ण उतरायच्या आधीच. वापरणाऱ्याला वाटतं झालं, आणि जीभ मात्र कडेवर टेकून राहिलेली असते. नमुना हातात घ्या, अगदी सावकाश दाबा आणि आवाज नेमका कधी येतो ते पाहा. आवाज येतो त्या क्षणी हात काढला, तर कडी आपणहून बसते की परत उघडते? परत उघडत असेल तर आवाज खोटं बोलतोय. खाचेचा उतार असा बदलावा लागतो, की आवाज आल्यानंतर स्प्रिंगच जिभेला आत खेचेल आणि मधल्या स्थितीत ती टिकणारच नाही. ‘अर्धवट’ ही स्थितीच यांत्रिकदृष्ट्या अशक्य करून टाकणं याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

सुरुवात वस्तूच्या कल्पनेपासून करावी की धोक्यापासून?

धोक्यापासून. आयएसओ आणि आयईसी या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मार्गदर्शिका ५१ मध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी डिझाइनमधूनच धोका काढून टाका, ते जमत नसेल तर मध्ये अडथळा घाला, आणि तरीही जे उरेल त्याबद्दल सूचना द्या. त्यांचीच मार्गदर्शिका ५० खास मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. ती वाचल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन यांनी अपघाताकडे ‘शरीराला सोसत नाही इतकी ऊर्जा शरीरापर्यंत पोचणं’ अशा नजरेने पाहायला शिकवलं. पडणं, भाजणं, विजेचा झटका हे सगळं त्यात बसतं. मग प्रश्न सरळ होतो: ही ऊर्जा कुठे अडवता येईल? उगमाशी, वाटेत, की मुलाजवळ? ज्या उपायाला माणसाला दर वेळी काही आठवावं लागत नाही, तो जास्त टिकतो. दार ढकलल्यावर आपणहून मिटणारं आणि अडकणारं गेट हे आठवणीने लावायच्या गेटपेक्षा कितीतरी भरवशाचं.

आणि एक विचारून पाहा: वस्तू न बनवताच हे काम होतंय का? औषधांची पिशवी उंच खुंटीवर टांगल्याने भागत असेल, तर तिच्यासाठी नवी कडी कशाला?

मुलाचं वय डिझाइनमध्ये कसं धरायचं?

महिन्यांपेक्षा कौशल्यांत विचार करा. साधारण सहाव्या महिन्यापासून हाताला लागेल ते तोंडात जातं. नऊ ते बारा महिन्यांत चिमटीत धरता येऊ लागतं, म्हणजे टेपचं टोक उचलणं जमतं. उभं राहता येऊ लागलं की कशालाही धरून ते आपलं सगळं वजन त्यावर टाकतं. दीडेक वर्षाचं झालं की चढणं सुरू, आणि दोनच्या पुढे फिरवणं, दाबणं, मोठ्यांची नक्कल करणं. ही वयं ढोबळ आहेत. एखादं मूल दोन महिने आधी पोचतं, म्हणून मर्यादा नेहमी पुढच्या टप्प्याची धरा.

नक्कल हा प्रकार डिझाइन करणारे हमखास विसरतात. तुम्ही कडी उघडताना मूल बघत असतं. दिवसातून अनेकदा. गुपितावर टिकणारी कडी फार काळ टिकत नाही. ताकद, हाताचा आवाका किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली यांवर उभी असलेली कडी टिकते.

कोणती मापं तोंडपाठ असावीत?

पहिलं, लहान तुकड्याचं नळकांडं. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. न दाबता जी वस्तू यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. तुमच्या साधनाचा कुठलाही भाग, झाकण, रबरी टोपी, चिकट चकती, तुटल्यावर होणारा तुकडासुद्धा, यात मावता कामा नये.

दुसरं, फटी. अमेरिकेच्या नियमात पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर साधारण ६० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. युरोपीय मानक इएन ७१६ मध्ये ते ४५ ते ६५ मिलिमीटर आहे. फट मोठी झाली तर आधी धड सरकतं, आणि डोकं अडकतं. मूल पाय पुढे करून घुसतं, डोकं पुढे करून नाही, हे लक्षात ठेवूनच फटी तपासायच्या. खिडकी आणि जिन्याच्या कठड्याला साधारण १०० मिलिमीटरचा गोळा आरपार जाता कामा नये, असा अनेक ठिकाणचा दंडक आहे.

तिसरं, बोटं. हलणाऱ्या दोन भागांमध्ये ५ मिलिमीटरची काडी जात असेल तर १३ मिलिमीटरचीही गेली पाहिजे, असं खेळण्यांच्या अमेरिकी मानकात म्हटलं आहे. म्हणजे बोट जाणारच नाही इतकी फट ठेवा, नाहीतर चिरडणार नाही इतकी मोठी. मधलं माप घातक. घडीच्या प्रत्येक वस्तूच्या बिजागरीला हे लागू करा.

दोऱ्या आणि पट्ट्यांचा फास गळ्याभोवती बसू शकतो, हे वेगळं सांगायला नको. अगदी लहान मुलांच्या खेळण्यांतल्या दोरीला युरोपीय मानक २२० मिलिमीटरची मर्यादा घालतं. साधन टांगण्यासाठी पट्टी द्यायचीच असेल, तर ताण आला की सुटणारा जोड द्या.

मुलाला उघडता येऊ नये आणि आजीला मात्र यावं. हे जमतं तरी कसं?

औषधांच्या बाटल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला आहे, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. आयएसओ ८३१७ या मानकात ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बंद बाटली देतात. पाच मिनिटं स्वतःच खटपट. मग न बोलता एकदा उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दाखवण्याआधी किमान ८५ टक्के आणि दाखवल्यानंतरही किमान ८० टक्के मुलांना ती उघडता आली नाही, तरच बाटली उत्तीर्ण. अमेरिकेच्या पद्धतीत मुलांना दातही वापरता येतील असं सांगितलं जातं. आणि मग तीच बाटली ५० ते ७० वर्षांच्या माणसांना देतात. त्यांच्यातल्या किमान ९० टक्के लोकांना ती उघडून पुन्हा नीट लावता आली पाहिजे.

यातून दोन गोष्टी उचला. एक, शंभर टक्के कुणीच मागत नाही. ही साधनं वेळ मिळवून देतात, पहारा संपवत नाहीत. दुसरी, ‘पुन्हा लावता येणं’ हीसुद्धा परीक्षाच आहे. सांधेदुखीने बोटं आखडलेल्या माणसाला जी कडी त्रास देते, ती दोन दिवसांत उघडीच राहू लागते. तुमच्या नमुन्याची पहिली चाचणी घरातल्या सगळ्यात वयस्कर हातांवर घ्या.

बळाऐवजी आवाका आणि समन्वय वापरा. एकमेकांपासून लांब असलेली दोन बटणं एका मोठ्या तळव्यात मावतात, छोट्या हातात मावत नाहीत. ‘दाबून धर आणि त्याच वेळी सरकव’ हे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला अवघड जातं. पण हे सगळं एका हाताने व्हायला हवं. मूल कडेवर असताना दुसरा हात मोकळा नसतो.

चिकटपट्टी, सक्शन की पट्टा: पकड कशी निवडायची?

सक्शनला, म्हणजे हवा दाबून काढून चिकटणाऱ्या रबरी वाटीला, सुरक्षेच्या कामात जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कडेने हवा हळूहळू आत जाते, तापमान बदललं की वेगाने जाते, आणि सुटण्याआधी ही पकड काहीच इशारा देत नाही. आंघोळीच्या जागी धरायच्या दांड्यासाठी तर मुळीच नको.

चिकटपट्टीत पाहायच्या दोन गोष्टी: ओढ कुठल्या दिशेने येते आणि पृष्ठभाग कसला आहे. पृष्ठभागाला समांतर ओढ तिला पुष्कळ सोसते. टोकापासून सोलली जाणं तिला अजिबात सोसत नाही. म्हणून कडीची रचना अशी करा की मुलाने दार ओढलं की भार समांतर पडेल. पट्टीची टोकं गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यापासून सोलणं सुरू होतं. ॲक्रिलिक फोमच्या टेपला पूर्ण पकड यायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, थंडीत आणखी. आता हे एका रात्रीच्या मुक्कामाला कसं चालणार? नाही चालत. मुक्कामाच्या साधनासाठी पट्टा, चिमटा किंवा दाबाची पकड शोधा, आणि चिकटपट्टी भाड्याच्या घरासारख्या लांब मुदतीसाठी ठेवा.

भुरभुरीत रंगाच्या भिंतीवर टेप भिंतीला चिकटत नाही, रंगाच्या पापुद्र्याला चिकटतो. पापुद्रा सुटला की सगळं सुटलं. वेष्टनावर ‘कुठल्याही पृष्ठभागावर’ असं लिहिणं म्हणजे पालकांना फसवणं आहे.

टेबलाच्या कोपऱ्यांवर लावायच्या फोमच्या टोप्या इतक्या साध्या असतात. त्यात काय डिझाइन करायचं?

चालायला नुकतंच लागलेलं मूल या टोपीशी काय करतं ते एकदा शांतपणे बघा. ते टेबलाला धरून उभं राहतं, तोंड बरोबर कोपऱ्याच्या उंचीवर येतं, आणि आधी ते टोपी चाखतं. फोम मऊ, दात नुकतेच आलेले, हिरड्या शिवशिवत असतात. मग बोट कडेवरून फिरतं, नख फटीत जातं, कड जराशी उचलली जाते. ती उचलली गेली याचा मुलाला आनंद होतो आणि ते ती कड पुन्हा पुन्हा उचलतं. थोड्या वेळाने टोपी हातात, आणि हातातून तोंडात. ओढून एक लचका निघाला तर तो नळकांड्यात आरामात मावतो.

म्हणजे डोक्याला टेंगूळ येऊ नये म्हणून लावलेली वस्तू घसा बंद करायला निघाली. उघड्या फोमपेक्षा दाताने तुटणार नाही अशी सलग सिलिकोन किंवा टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) टोपी घ्या, ती टेबलाच्या खालच्या बाजूने पकडेल असं करा, म्हणजे मुलाच्या नखाला कड सापडणार नाही, आणि संपूर्ण टोपीचं माप नळकांड्यापेक्षा चांगलं मोठं ठेवा. बिस्किटासारखे, फळासारखे, प्राण्यासारखे आकार आणि गोड वास टाळा. बालसुरक्षेचं साधन मुलाला आकर्षक वाटता कामा नये.

दार आपटू नये म्हणून वर लावायचा फोमचा कंस, दाराच्या ठोकळ्याची रबरी टोपी, यांनाही हेच लागू.

दाबाने बसणारं गेट जिन्याच्या वरच्या तोंडाशी चालेल का?

नाही. दाब सैल झाला तर मूल गेटसकट खाली येतं, शिवाय अशा गेटला बहुधा खालून आडवी पट्टी असते आणि मोठी माणसं तिला अडखळतात. वरच्या तोंडाशी स्क्रूने बसवलेलं गेटच हवं. हे वाक्य पत्रकाच्या आत लपवू नका. गेटवरच, बसवताना डोळ्यांसमोर येईल अशा जागी छापा.

दोन खोल्यांच्या मधल्या दारासाठी दाबाचं गेट चांगलं. अमेरिकेच्या मानकात ते ३० पौंड, म्हणजे साधारण १३३ न्यूटन, ढकलण्याला टिकायला हवं, आणि निव्वळ दाबावर टिकणाऱ्या गेटवर पुरेसा दाब बसला की नाही हे दाखवणारी खूण हवी. मी वर जे बसवण्याबद्दल म्हटलं ते इथे नियमातच आलं आहे. ही मानकं साधारण २४ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत; मूल गेटवर चढू लागलं की गेट स्वतःच पडायची जागा बनतं. आडवे दांडे देऊ नका, ती शिडीच होते.

झोपेच्या जागेची साधनं इतरांपेक्षा वेगळी का मानतात?

कारण तिथे कुणी बघत नसतं. मूल तासन्‌तास एकटं, आणि लहान बाळाला स्वतःला सोडवता येत नाही.

घडीचा पलंग-कठडा घ्या. तो गादीखाली सरकवतात. वापरता वापरता तो इंच-दोन इंच बाहेर येतो आणि गादी व कठडा यांच्यात खोबण तयार होते. बाळ गडगडत तिथे येतं, अडकतं, आणि श्वास कोंडतो. म्हणूनच हे कठडे साधारण २ ते ५ वर्षांच्या, स्वतःहून पलंगावर चढता-उतरता येणाऱ्या मुलांसाठीच असतात. अमेरिकेने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी सक्तीचं मानक आणलं. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर झोपवण्यासाठी कठडा विकणं चूक आहे, जाहिरातीतला फोटोही तसा नको.

घडीच्या खाटेची कहाणी आणखी दुःखद. १९९० च्या दशकात अमेरिकेत वरचे दांडे मधोमध दुमडणाऱ्या काही खाटा वापरात असतानाच ‘व्ही’ आकारात मिटल्या आणि बाळांचे गळे त्यात अडकून मृत्यू झाले. दांडा अडकवायला माणसाने कळ फिरवणं विसरलं की खाट उभी दिसायची, पण अडकलेली नसायची. परत तेच: अर्धवट स्थिती आणि तिचा पत्ता न लागणं. आता दांडे आपणहून अडकले पाहिजेत, अशी अपेक्षा असते. खाटेबरोबर आलेलीच गादी वापरायची. वर आणखी एक मऊ गादी टाकली की कडेला फट आणि चेहऱ्याखाली मऊपणा, दोन्ही घातक. गादीवरच हे छापा.

पाळण्याच्या आतून बांधायच्या गुबगुबीत झालरी वर्षानुवर्षं ‘संरक्षण’ म्हणून विकल्या गेल्या. बाळाचं नाक-तोंड त्यात दाबलं जाऊन जीव गेले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर कायद्याने बंदी घातली. आपलं साधन नवा धोका तर आणत नाही ना, हा प्रश्न विचारायचा राहिला की काय होतं, ते या झालरींनी दाखवलं.

सॉकेटमध्ये खोचायच्या प्लास्टिकच्या टोप्या डिझाइन कराव्यात का?

सॉकेट कुठल्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून. ब्रिटिश धर्तीच्या बीएस १३६३ सॉकेटमध्ये आतच छिद्रं झाकणारे पडदे असतात. मापात न बसणारी टोपी ते पडदे उघडू शकते आणि सॉकेटचं नुकसानही करू शकते. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २०१६ मध्ये आरोग्य आणि देखभाल केंद्रांतून अशा टोप्या काढून टाकायला सांगितलं. जिथे पडदे नसतात तिथे झाकणीला अर्थ आहे, पण सुटी टोपी नळकांड्यात मावते, आणि प्रवासात ती पहिली हरवते. पूर्ण सॉकेटवर बसणारी आणि प्लग लावलेला असतानाही झाकणारी पेटी जास्त चांगली. ‘जगात कुठेही चालणारी’ सॉकेट-टोपी ही कल्पना सोडून द्या.

अलार्म किंवा सेन्सर घालायचा असेल तर?

बटन सेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल, हा अशा साधनातला सगळ्यात धोकादायक सुटा भाग असू शकतो. २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून विद्युतप्रवाह सुरू होतो, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. सेलची पेटी स्क्रूने किंवा एकाच वेळी करायच्या दोन वेगळ्या हालचालींनीच उघडायला हवी. अमेरिकेत २०२२ च्या कायद्यानंतर ही सक्ती आहे. स्क्रू झाकणातच अडकून राहणारा घ्या, म्हणजे हरवला म्हणून कुणी टेप लावून काम भागवणार नाही. जागा असेल तर सरळ ट्रिपल-ए सेल वापरा. तोही गिळण्याजोगा आहे, पण अन्ननलिकेतला धोका तितका नाही. पेटीला कुलूप मात्र त्यालाही हवं. मूल काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय, हे पत्रकावर ठळक हवं.

चुंबकाच्या कड्यांत तीच काळजी. एकापेक्षा जास्त शक्तिशाली चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. चुंबकाची किल्ली मोठी, सलग साच्यात ओतलेली, चुंबक बाहेर न येणारी हवी.

सेल संपत आला की अलार्म गप्प होता कामा नये, ओरडला पाहिजे. आणि उगाच वाजणारा अलार्म माणसं बंद करून ठेवतात.

दार-खिडकीच्या कड्यांत आगीचा विचार का करायचा?

घर पेटलं, धूर भरला, तर मोठ्या माणसाला ती कडी अंधारात, घाईत, एका हाताने काढता आली पाहिजे. दाराच्या मुठीवर फिरणारी टोपी ही नेमकी याच कसोटीत अडखळते. खिडकीचा अटकाव आतून मोठ्याला झटकन सोडवता यावा. किड्यांसाठीची जाळी मुलाचं वजन पेलत नाही, हे वेष्टनावर लिहायला संकोचू नका.

कुठलं साहित्य घ्यावं?

घडीच्या बिजागरीला पॉलिप्रॉपिलीन उत्तम, ते हजारो वेळा वाकतं. एबीएस हे कडक प्लास्टिक देखणं दिसतं, पण तेलकट किंवा अल्कोहोलच्या पुसण्यांनी ताणाखालच्या जागी बारीक तडे जातात, आणि ही साधनं नेमकी अशाच पुसण्यांनी पुसली जातात. मऊ भागाला सिलिकोन. जे तोंडात जाण्याची शक्यता आहे त्यात शिसं ०.०१ टक्क्याच्या आत आणि नियमात नमूद थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) ०.१ टक्क्याच्या आत ठेवायची ही अमेरिकेची मर्यादा किमान समजा.

माझी कडी मोठ्यांनी बसवायची वस्तू आहे. मग मुलांच्या वस्तूंचे नियम तिला लागतात का?

कायद्याच्या भाषेत अनेकदा नाही, कारण वापरणारा मोठा असतो. पण ती मुलाच्या हाताच्या उंचीवर, दिवसरात्र लावलेली असते, मग ती कुणासाठी आहे यावर वाद घालण्यात काय हशील? खेळण्यांच्या कसोट्या स्वतःहून लावा. युरोपीय संघाचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम २०२३/९८८ हा १३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे आणि त्यात मुलांसारख्या नाजूक वापरकर्त्यांचा विचार उत्पादकाने करायचा आहे. ज्या बाजारात विकणार तिथले नियम चाचणी-प्रयोगशाळेकडून आधीच तपासून घ्या, साचा कापल्यावर नाही.

चाचण्या कुठल्या घ्यायच्या? खऱ्या मुलांवर?

आधी यंत्रावर आणि हाताने. दीड वर्षाखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी अमेरिकेच्या पद्धतीत साडेचार फुटांवरून दहा वेळा पाडतात, मग पिळतात, ओढतात, दाबतात, आणि प्रत्येक वेळी नळकांडं पुढे करून तुकडे तपासतात. यात आणखी दोन गोष्टी घाला, कारण आपलं साधन प्रवास करतं: पिशवीत इतर सामानाखाली दाबून ठेवणं, आणि अनेकदा काढ-घाल केल्यानंतर पुन्हा सगळ्या कसोट्या लावणं. नव्या कोऱ्या नमुन्यावरचा निकाल फारसं काही सांगत नाही.

मुलांना जरूर बोलवा, पण खरा धोका खोलीत असता कामा नये. कपाटात विष ठेवायचं नाही, खेळणं ठेवायचं. पालक खोलीत, लेखी संमती हातात, आणि मूल कंटाळलं किंवा रडू लागलं की चाचणी तिथेच थांबवायची.

त्याहून जास्त शिकवणारी चाचणी मोठ्यांवर होते. पेटी हातात द्या, पत्रक देऊ नका, एका हातात बाळाच्या वजनाची बाहुली द्या आणि बसवायला सांगा. मग दुसऱ्या खोलीत दुसऱ्या प्रकारच्या दाराला. मदत करू नका. त्यांचे हात कुठे अडखळतात ते बघा आणि तेवढंच बदला.

सूचनापत्रकात काय असावं?

पत्रक हरवणार हे धरून चला. आवश्यक ते साधनावरच कोरा: बाण, ‘इथे वर’, कुठल्या वयापर्यंत, कुठे वापरू नये. भाग सुटे होत असतील तर ते पट्टीने जोडलेले ठेवा, आणि पिशवीत प्रत्येक भागाला त्याच्या आकाराचा खण द्या, म्हणजे काही मागे राहिलं तर रिकामा खण लगेच दिसेल.

थ्रीडी प्रिंट करून थोडे नग विकता येतील का?

नमुना म्हणून छापा, विकू नका. वितळलेल्या तारेचा थर थरावर बसतो आणि तुकडा थरांच्या सांध्यात सहज फुटतो. फुटलेली कड धारदार असते, तुकडा छोटा. थरांमधल्या खाचांत घाण बसते आणि ती नीट धुता येत नाही. विक्रीसाठी साच्यातलीच वस्तू, तीही प्रयोगशाळेत तपासलेली.

विकल्यानंतर एखादी तक्रार आली तर?

पहिल्या तक्रारीलाच गंभीरपणे घ्या, पाचवी येईपर्यंत थांबू नका. प्रत्येक नगावर बॅच क्रमांक आणि बनवल्याचा महिना कायमस्वरूपी छापलेला असेल तरच कुठले नग परत मागवायचे ते कळतं. स्टिकर गळून पडतो. तुटलेला नग तसाच परत पाठवायला सांगा, फोटोवर भागवू नका, कारण तडा कुठून सुरू झाला ते फोटोत दिसत नाही. दुखापत झाली असेल किंवा होता होता टळली असेल, तर विक्री थांबवून त्या त्या देशाच्या यंत्रणेला कळवा. आणि ही साधनं एका घरातून दुसऱ्या घरी, भाच्याकडे, शेजाऱ्यांकडे फिरतात, म्हणून पहिल्या ग्राहकाचा पत्ता पुरत नाही. परत मागवल्याची सूचना ज्या जागी कायम वाचता येईल तो पत्ता साधनावरच, बॅच क्रमांकाशेजारी, पहिल्या दिवसापासून असू द्या.